डाव्या बाजूचं पुढचं चाक

आबांचे कान गेलेत हे आम्हाला कुकरमुळे कळलं. घरात कुकर नवीनच आला होता. माय भात लावायची, शिट्ट्या व्हायच्या, भिंतीपलीकडची काकू "अगं जळंल भात" म्हणून ओरडायची, आणि चुलीपासून दोन हातांवर बाजेवर बसलेले आबा पेपरातून डोकं न काढता विचारायचे, "अजून शिट्टी कशी न्हाई झाली?" पहिल्या दिवशी आम्ही दोघी हसलो. आबांना गंमत करायची सवय होतीच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मायनं माझ्याकडं पाहिलं आणि आमचं हसणं थांबलं. ती त्यांच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली आणि तिनं आधी पाटा फरशीवर सरकवला. फरशीची थरथर पायाला लागली तशी आबांनी मान वळवली. मग थोडं थांबून तिनं चमचा वाटीच्या कडेवर वाजवला. आबा वाचत राहिले. पुन्हा वाजवला. आबा वाचत राहिले. माय वाटी ठेवून आत गेली आणि पीठ मळायला बसली. त्या दिवशी तिच्या भाकरी जाड आल्या, एक तर करपली, आणि एरवी भाकरीला नाव ठेवल्याशिवाय न जेवणारे आबा मुकाट जेवून उठले. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. तिनं वाटी वाजवली होती हे नसेल माहीत, पण बाकीचं सगळं माहीत होतं.

दुसऱ्या कुणाचे कान गेले असते तर घरातल्यांनी जरा मोठ्यानं बोलायला सुरुवात केली असती आणि तिथंच ते मिटलं असतं. पण आबांची सगळी पत त्यांच्या कानावर होती. तरुणपणी त्यांनी जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या मिलमध्ये बारा वर्षं काढली होती. लालभडक सळई रुळांवरून धावत येते, कातर पडते, लोखंड लोखंडावर आदळतं. तिथं माणसं एकमेकांशी हातवाऱ्यांनीच बोलायची म्हणे. ते काम सोडून त्यांनी लायसन काढलं आणि जुनी जीप घेऊन बदनापूर-जालना शिटा भरायला सुरुवात केली. सकाळी मिलचे कामगार आणि बियाणं निवडायला जाणाऱ्या बाया, दुपारी बाजारची माणसं, संध्याकाळी पुन्हा तेच कामगार, काळे होऊन परत. या येण्या-जाण्यात कधीतरी लोकांच्या लक्षात आलं की साळवे ड्रायव्हरला गाडीचा आवाज कळतो. गाडी दोन किलोमीटर चालवून आणायचे आणि सांगायचे, मागच्या उजव्या चाकाचे नट ढिले आहेत, किंवा ब्रेकचं पातं ड्रमला घासतंय, किंवा काही नाही, टायरच्या खाचेत खडा अडकलाय, खिळ्यानं काढून टाका. मिस्त्री चाक खोलायचा आणि तेच निघायचं. मग बदनापूरच्या आसपासच्या गाड्या आमच्या दाराला लागायला लागल्या. ज्या घरांच्या ओट्याखाली माझ्या आजोबांना पायरीपाशी बसून मालकाची वाट पाहावी लागली, त्या घरातले लोक आमच्या बाजेवर बसून आबा जेवून हात धुवून येईपर्यंत वाट पाहायचे. माय त्यांच्यासमोर चहा ठेवायची. काही जण प्यायचे. काही जण "आत्ताच घेऊन निघालो" म्हणायचे. पण थांबायचे सगळे. आबा मुद्दाम सावकाश जेवायचे. त्या सावकाश जेवण्यात काय होतं ते मला तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं, आणि म्हणूनच पुढचं लिहिताना हात जड होतो.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या, पुढं पत्र्याचं छप्पर आणि छपराखाली जीप. माझ्या दोघी बहिणींची लग्नं झाली होती, त्यामुळं घरात आम्ही तिघंच. दिवस जीपच्या आवाजानं उजाडायचा. थंडीत ती लवकर सुरू व्हायची नाही, चार-पाच वेळा कण्हायची, मग एकदम भडभडून उठायची आणि सगळं छप्पर थरथरायचं. तोवर मायच्या दोन भाकरी तव्यावरून उतरलेल्या असायच्या. आबांचं खाणं ठरलेलं होतं: ज्वारीची भाकर, लसणाचा ठेचा, कधी अंबाडीची भाजी, आणि रविवारी येसराची आमटी, अशी तिखट की त्यांच्या कपाळाला घाम यायचा आणि ते खूश व्हायचे. सुट्टीच्या दिवशी माय सुशीला करायची, मुरमुरे भिजवून, वर भरपूर शेंगदाणे टाकून. ते शेंगदाणे आबा वेचून आधी खायचे आणि उरलेले मुरमुरे माझ्या ताटात सरकवायचे. हे सगळं चांगलंच होतं. माझं बालपण वाईट गेलं असं मी कुणाला सांगत नाही. सोळाव्या वर्षापर्यंत ते चांगलं होतं.

कुकरच्या त्या दिवसानंतर आबा मला जीपमध्ये पुढं बसवायला लागले. आधी वाटलं, लाड. शाळेला सुट्टी असली की म्हणायचे, "चल, जालन्याला जाऊन येऊ." वाटेत शिटा उतरल्या, गाडी रिकामी झाली, की विचारायचे, "आता काय ऐकू येतं, सांग." मी म्हणायचे, इंजिन. "ते सोड. इंजिनाच्या खाली काय?" असं करत करत त्यांनी मला शिकवलं. गाडी वेगात असताना न्यूट्रल करायची. आवाज बंद झाला तर रोग इंजिनाकडं, नाही झाला तर चाकांकडं. मग ब्रेकवर नुसता पाय ठेवायचा. आवाज बदलला तर ब्रेकचं काम. मग गाडी डांबरावरून खाली कच्च्यात उतरवायची. कच्च्यात आवाज मेला तर टायर, नाही मेला तर आतलं काहीतरी. आणि शेवटी गाडी मोकळ्या रस्त्यावर जरा डावी-उजवी झुलवायची. उजवीकडं वळवली की गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो, तेव्हा डावीकडून गुरगुर वाढली तर डाव्या चाकाचं बेरिंग. बेरिंगचा आवाज कसा असतो हे त्यांनी मला जातं फिरवून दाखवलं. दाणे घालून एकदा, आणि रिकामं एकदा. "हे रिकामं ऐक," म्हणाले, "दगडाला दगड खातो न, तसं." हे दाखवताना त्यांचा तळहात जात्यावर होता. मला वाटलं, धरायला ठेवलाय. ते हातानं ऐकत होते.

मला ते येत होतं. हे सांगायला मी आता लाजत नाही. वर्गात गणितात माझी दांडी उडायची, पण धावत्या गाडीतला आवाज मला धाग्यासारखा वेगळा काढता यायचा. वर्षभरात असं झालं की दारात गाडी आली की आबा मला हाक मारायचे, "सुजाता, चल गं, तुला फिरायचं व्हतं न." लोकांना सांगायचे, "पोरीला गाडीचा शौक हाय." ते गाडी चालवायचे, मी बरोबर त्यांच्या मागं बसायचे आणि सीटवर हात ठेवल्यासारखं करून बोटानं त्यांच्या खांद्याला खूण करायचे. डाव्या खांद्यावर म्हणजे डावं चाक, उजव्यावर उजवं. एक बोट पुढचं, दोन बोटं मागचं. बोट टेकवून घासलं तर बेरिंग, नुसतं टिचकावलं तर नट. गाडी थांबली की आबा खाली उतरायचे, चाकाला लाथ मारायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि निदान सांगायचे. लोक माना डोलवायचे. घरी आल्यावर ते माझ्याशी त्यावर एक शब्द बोलायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, "आज बरोबर सांगितलं न मी?" तर म्हणाले, "काय सांगितलं?" मायनं आतून मला हाक मारून घेतलं.

आज माझ्याकडं लहानशी गाडी आहे, मी निवृत्त शिक्षिका आहे आणि जालन्यात स्वतः गाडी चालवते. मागच्या महिन्यात वळताना पुढून टकटक असा आवाज यायला लागला. मी सर्व्हिसिंगवाल्या मुलाला सांगितलं, उजव्या बाजूच्या जॉइंटचं रबर फाटलं असेल, ग्रीस गेलं असेल, बघ. तो हसून म्हणाला, "मॅडम, तुम्ही काचा बंद करून एसी लावत जा, काही ऐकू येणार नाही." मी त्याच्याशी वाद घातला नाही. गाडी वर उचलायला लावली आणि शेजारी उभी राहिले. रबर फाटलेलं निघालं. त्यानं माझ्याकडं न बघता मालकाला हाक मारून सांगितलं, "सर, जॉइंट गेलाय." जणू त्यालाच सापडला.

दहावीनंतर मला आयटीआयला जायचं होतं. मोटार मेकॅनिकच्या ट्रेडला. अर्ज मी आणून ठेवला होता, आबांची सही तेवढी राहिली होती. त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. नुसता तो कागद कपाटावर ठेवला होता आणि रोज त्याच्याकडं न बघता शर्ट काढत होते. मायनं विचारलं तेव्हा म्हणाले, "पोरगी गॅरेजात बसली तर लोक मला विचारतील, साळवे, तुमचं काय काम उरलं?" माझ्या लक्षात आलं की त्यांना मी मेकॅनिक व्हायला नको होते, पण त्यांच्या मागच्या सीटवर मात्र हवी होते. या गोष्टीचा राग माझ्या मनात त्या दिवसांत भरलेला होता. हे आधी सांगणं भाग आहे, नाहीतर पुढं जे मी बोलले ते लहान मुलीचा भोळेपणा वाटेल. तो भोळेपणा नव्हता.

भगवानराव म्हणजे जवळच्याच गावातले मोसंबीचे मोठे बागायतदार. त्यांची पांढरी मोटार आमच्याकडं पूर्वी दोनदा येऊन गेली होती. त्या दिवशी सकाळी ते आले ते घाईतच. मुलीची सोयरीक जुळत होती आणि त्यांना बोलणी करायला कुंभार पिंपळगावला जायचं होतं. बरोबर त्यांचा ड्रायव्हर उत्तम, तेवीस-चोवीस वर्षांचा, नुकतंच लग्न झालेला, हातावर अजून फिकट मेंदी. तोच म्हणाला, "काका, दोन दिवस झाले, खालून आवाज येऊन राह्यला. मला तर चाकाचा वाटतो." भगवानराव म्हणाले, "याला रोजच काहीतरी वाटतं. साळवे, तुम्ही एक चक्कर मारून सांगा, म्हणजे मी मोकळा." आबांनी मला हाक मारली. भगवानराव पुढं आबांच्या शेजारी बसले, उत्तम आणि मी मागं.

गावाबाहेर कृषी केंद्राच्या कुंपणालगतचा रस्ता तेव्हा सरळ आणि मोकळा होता. आबांनी गाडी वेगात घेतली, न्यूट्रल केली. इंजिन खाली बसलं आणि ते जातं स्पष्ट ऐकू आलं. रिकामं जातं. कच्च्यात उतरवली तरी ते तसंच फिरत राहिलं. आबांनी गाडी उजवीकडं झुकवली तेव्हा डाव्या बाजूनं असा गुरगुराट उठला की माझ्या पायाखालच्या पत्र्याला तो लागला. मी आबांच्या डाव्या खांद्यावर एक बोट टेकवलं आणि घासलं. नेमके त्याच वेळी भगवानराव काहीतरी सांगायला मागं वळले. त्यांनी माझं बोट पाहिलं, आबांचा खांदा पाहिला.

"ही काय खुणा करून राह्यली?"

"लेकरू हाय," आबा म्हणाले. "खेळती."

"एवढी मोठी घोडी, खेळती?" भगवानराव हसले. मग आबांच्या तोंडाकडं बघत म्हणाले, "साळवे, कान तुमचा हाय का पोरीचा?"

ते काही फार वाईट बोलले नव्हते. पण आबांची मान मागून मला दिसत होती, आणि ती मान लाल होत गेलेली मी पाहिली. त्यांनी गाडी बाजूला घेतली. भगवानराव उतरून लांबच्या कडुलिंबाखाली जाऊन उभे राहिले. उत्तमनं पाणी बघायला बॉनेट उघडलं. आबा डाव्या पुढच्या चाकापाशी गेले, लाथ मारली, डोळे मिटले. माझी खूण त्यांना पोहोचली होती की नाही हे मला कळेना, म्हणून मी जवळ गेले. त्यांचा उजवा कान त्यातल्या त्यात बरा होता. त्या कानाशी जाऊन मी म्हटलं, "आबा, बेरिंग हाय. डावं, पुढचं. जॅक लावून चाक हलवून बघा, खेळ लागंल."

"हळू बोल," ते ओठातल्या ओठात म्हणाले.

आणि मी मोठ्यानं म्हटलं, "हळू बोलले तर तुम्हाला ऐकू येत न्हाई!"

ते वाक्य बोलून मला किती बरं वाटलं हे मी आयुष्यभर विसरले नाही. वर्षभर बोटानं बोलून बोलून साठलेलं एकदम बाहेर पडलं. आबांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. ओळख नसलेल्या माणसाकडं बघावं तसं. मग ते वळले आणि लिंबाकडं बघून खणखणीत आवाजात म्हणाले, "टायरचा आवाज हाय, भगवानराव! डावं टायर एका अंगानं झिजलंय. बिनघोर जाऊन या. आल्यावर बदला."

"नक्की न?" भगवानरावांनी जवळ येत विचारलं.

"साळवे सांगतोय."

उत्तमनं बॉनेट लावलं. त्यानं एकदा आबांकडं आणि एकदा माझ्याकडं पाहिलं आणि तो ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसला. भगवानराव म्हणाले, "चला, तुम्हाला घरी सोडतो." आबा गाडीत बसले. मी दाराला हात लावला तेव्हा आतूनच म्हणाले, "तू पायी ये." गाडी निघाली. ती गेली तरी कितीतरी वेळ मला ते जातं ऐकू येत होतं. मी धावत गेले असते, आडवी उभी राहिले असते, भगवानरावांना ओरडून सांगितलं असतं, असं मी नंतर मनातल्या मनात हजार वेळा केलं आहे. तेव्हा मी चपलेनं खडे उडवत घरी आले आणि मनात म्हटलं, कळू दे यांना एकदा.

अंबडच्या पुढं एका उतारावर ते चाक निखळलं. गाडी कोलांट्या खात रस्त्याकडेच्या झाडावर गेली. भगवानरावांचा हात मोडला. उत्तमचा डावा पाय इंजिनाच्या आणि सीटच्या मध्ये सापडला. त्याला बाहेर काढायलाच फार वेळ गेला असं सांगतात. पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी भगवानरावांचा धाकटा भाऊ चार माणसं घेऊन आला. आमच्या गल्लीतलेही लोक जमले. कुणी बाजेवर बसलं नाही. धाकटा भाऊ उभ्यानंच म्हणाला, "साळवे, मिस्त्री म्हणतो बेरिंगचा भुगा झाल्ता. आतमधी ग्रीसचा थेंब न्हाई. दोन दिवस वरडत असंल ते. आणि तुम्ही टायर म्हणून सांगता? तुम्हाला ऐकू येतं का न्हाई?"

हा प्रश्न त्यानं चिडून विचारला होता, सगळे विचारतात तसा. पण आबांना तो खरा प्रश्न होता. मी दारात उभी होते. त्यांचे डोळे त्या माणसाच्या ओठांवर खिळलेले मला दिसत होते. मग ते म्हणाले, "माझा कान चुकत न्हाई. पोरगी गाडीत व्हती. गाडी उभी केली तवा कानाशी येऊन टायर हाय, टायर हाय, अशी बडबड करून राह्यली व्हती. माझं ध्यान फिरलं. माझी चूक एवढीच की तिला गाडीत बसवलं."

सगळे माझ्याकडं वळले. भगवानरावांचा भाऊ म्हणाला, "काय गं, तू म्हणलीस टायर?"

माझ्या मागं माय उभी होती. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. ढकलला नाही, थोपटला नाही, नुसता ठेवला. आबांना ऐकू येत नाही हे बाहेर पडलं तर शिटा बसणार नाहीत, लायसन जाईल, आणि दारात कुणी थांबणार नाही. हे सगळं त्या हातात होतं. मी आबांकडं पाहिलं. ते माझ्या ओठांकडं बघत होते.

"हो," मी म्हटलं. "मीच म्हणले."

त्यातल्या एकानं जमिनीवर थुंकून म्हटलं, "बाईमाणसाला गाडीत घेतल्यावर दुसरं काय व्हनार." दुसरा म्हणाला, "त्या पोराचा पाय गेला, हिचा खेळ झाला." मग ते गेले. आबा आत येऊन भिंतीला टेकून बसले आणि मायला म्हणाले, "वाढ." मायनं वाढलं. ते जेवले. मी जेवले नाही, आणि जेव म्हणून मला कुणी म्हटलंही नाही.

गावानं मला टायरवाली हे नाव ठेवलं. बाजारात, पाण्यावर, नंतर कॉलेजात. आयटीआयचा अर्ज कपाटावरून कधी गेला मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. मी डीएड केलं, नोकरी लागली, लग्न झालं. सासरी पहिल्याच आठवड्यात नणंदेनं हसत विचारलं, "वहिनी, तुम्हीच का ती?" आबांकडं त्या दिवसानंतर आवाज दाखवायला कुणी आलं नाही. जीप त्यांनी वर्षाच्या आत विकली. ज्यासाठी मी होकार दिला ते काहीच राहिलं नाही, आणि तो होकार तेवढा माझ्यापाशी राहिला.

माय गेल्यावर आबा काही वर्षं माझ्याकडं होते. तोवर कान पूर्ण गेले होते. मशीन आणून दिलं ते त्यांनी डब्यात ठेवून दिलं. एका दुपारी मी त्यांना मोसंबी सोलून देत होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि विचारलं, "आबा, त्या दिवशी मी काय सांगितलं होतं? टायर का बेरिंग?" त्यांनी फोड तोंडात घातली. मी पुन्हा विचारलं, शेजारच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. ते म्हणाले, "ऐकू येत न्हाई." तेव्हा मी वहीतला कागद फाडून त्यावर दोन शब्द मोठ्या अक्षरात लिहिले आणि त्यांच्यासमोर धरला. आबांनी तो कागद हातात घेतला, त्याच्यावर मोसंबीच्या बिया काढून ठेवल्या आणि पुडी करून मला दिली. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

त्यांचं सगळं उरकल्यावर मी उत्तमकडं गेले. आबा असेपर्यंत तोंड उघडायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं, आणि आता ते नव्हते. उत्तम त्याच्या गावात पिठाची गिरणी चालवतो हे मला माहीत होतं. जयपूर पाय लावलेला, केस पांढरे, भुवयांवर पीठ. त्यानं मला लगेच ओळखलं. "बसा मॅडम," म्हणून पोत्यावरची धूळ झटकली. मी घरून वाक्यं तयार करून नेली होती, तशीच ती बोलून टाकली. आबांना ऐकू येत नव्हतं. ओळखायचे ते मी ओळखायचे. त्या दिवशी मी बेरिंग सांगितलं होतं, टायर नाही. लोकांसमोर मी खोटं बोलले.

उत्तमनं माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला माहीत हाय की. मी बॉनेटपाशीच व्हतो. तुम्ही केवढ्यांदा वरडला व्हता, हळू बोलले तर तुम्हाला ऐकू येत न्हाई म्हणून. त्याच्या आधीचं बेरिंगचं बी ऐकलं मी."

मी विचारलं, "मग तुम्ही कधी बोलला का नाही?"

"काय बोलू? मला आवाज ऐकू येत व्हता. पोरगी बेरिंग म्हणती हे बी ऐकलं. आणि तरी मी गाडी चालवत गेल्तो. का, तर मालक शेजारी बसला व्हता आणि साळवेकाकानं बिनघोर जा म्हणलं व्हतं. अंबड सोडल्यावर तर चाक हातात जाणवून राह्यलं व्हतं. मी दोनदा ब्रेकवर पाय ठेवला आणि दोनदा काढला." त्यानं मांडीवर, पाय जिथं संपत होता तिथं, हात फिरवला. "बायकोला म्हणलं, अचानक झालं, काही कळलंच न्हाई. आजपर्यंत तेच म्हणतो. तुमच्यावर नाव आलं, मला बरं पडलं."

"आबा कधी आले होते तुमच्याकडं?"

"दवाखान्यात आल्ते एकदा. पायथ्याशी बसले. मी बोललो त्यांच्याशी, लई बोललो. त्यांना काय ऐकू आलं, काय न्हाई, देव जाणे. मान हलवत व्हते." मग त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. "मॅडम, तुम्ही आता आल्या. तवा आल्या असत्या तर मी बी बोललो असतो, का कुणास ठाऊक. आता सांगून तुम्हाला हलकं वाटलं असंल. मला काय वाटावं?"

बाहेर दोन बाया डोक्यावर दळण घेऊन येऊन उभ्या राहिल्या. उत्तम खुर्चीच्या हाताला धरून उठला, पहिलीचा डबा काट्यावर ठेवला आणि मला विचारलं, "चहा सांगू का?" विचारायचं म्हणून विचारलं. मी नको म्हटलं. आपल्याकडं निघताना बाईमाणूस 'येते' म्हणतं. माझ्या तोंडून 'जाते' असं निघालं, आणि त्यानं मला ते दुरुस्त करायला सांगितलं नाही. पट्टा फिरायला लागला, गिरणी सुरू झाली, आणि मी गाडीत येऊन बसले.